पदविका, परवाना आणि ऑफ-सीझन

(करकंब येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



दसऱ्याच्या मागेपुढे आपल्या भागातल्या प्रत्येक साखर कारखान्यावर बॉयलर अग्निप्रदीपन होते. संचालक सपत्नीक पूजेला बसतात, नारळ फुटतो, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो येतो. त्या फोटोत सहसा न दिसणारा एक माणूस त्याच बॉयलर हाऊसमध्ये उभा असतो. त्याच्याकडे बॉयलर अटेंडंटचा दाखला असतो, पहिल्या वर्गाचा किंवा दुसऱ्या वर्गाचा. तो दाखला असलेला माणूस पाळीवर नसेल तर कायद्याने बॉयलर चालवता येत नाही. कारखान्यात कितीही इंजिनिअर असोत, संचालक मंडळ कितीही वजनदार असो, त्या कागदाला पर्याय नाही. आज मला त्या कागदाबद्दल आणि आपल्या मुलांना कॉलेजातून मिळणाऱ्या कागदाबद्दल बोलायचे आहे. हे दोन कागद एकमेकांना ओळखत नाहीत आणि त्याची किंमत आपल्या घरातली मुले मोजतात.

करकंबमध्ये हा विषय घ्यायला कारण आहे. उजनीचे पाणी आले, ऊस आला, उसामागे कारखाने आले. राज्यात सर्वाधिक साखर कारखान्यांचा जिल्हा म्हणून सोलापूर ओळखला जातो आणि विठ्ठलराव शिंदे कारखान्याचे दुसरे युनिट तर तुमच्या गावातच आहे. टेंभुर्णीला एमआयडीसी आहे. कुर्डुवाडीला रेल्वेचा वर्कशॉप आहे. सोलापूरजवळ चिंचोळीच्या एमआयडीसीत मोटारींच्या इंजिनांचे कॅमशाफ्ट तयार होऊन परदेशी जातात. शिकवणाऱ्यांचीही वानवा नाही. पंढरपूरला आयटीआय आहे, गोपाळपूरला अभियांत्रिकीचे मोठे संकुल आहे, सोलापूरला शासकीय तंत्रनिकेतन आहे. शिकवणारे तासाभराच्या अंतरावर आणि काम देणारेही तासाभराच्या अंतरावर. तरीही मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला मुलगा कारखान्याच्या गेटवर जातो तेव्हा त्याला हेल्पर म्हणून घेतात, नाहीतर चाकणला जा म्हणतात.

बॉयलरवरच्या माणसाचा हा दाखला आला कुठून, ते आधी पाहू. १८६३ साली कलकत्त्यात बॉयलरचा स्फोट होऊन माणसे मेली. पुढच्याच वर्षी बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा झाला. प्रांतोप्रांतीचे असे कायदे एकत्र होऊन १९२३चा भारतीय बॉयलर कायदा आला आणि शंभर वर्षांनंतर, २०२५मध्ये, त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. म्हणून हा दाखला मला सरकारी अडथळा वाटत नाही. तो माणसांच्या जिवावर बेतल्यानंतर आला आहे. आणि आज त्याची गरज वाढलीच आहे. पूर्वीचे कारखाने २१ किंवा ३२ किलो दाबाच्या वाफेवर चालत. सहवीजनिर्मिती सुरू झाल्यापासून ६७, ८७, काही ठिकाणी ११० किलो दाबाचे बॉयलर आले आहेत. वाफेचे तापमान ५०० अंशांच्या वर असते. अशा ठिकाणी 'मला येतं' म्हणून चालत नाही. येते हे कोणीतरी तपासलेले असावे लागते.

आता कॉलेजातला कागद पाहा. आमच्या पदविकेच्या पुस्तकात बॉयलर आहे. कॉकरन आहे, लँकेशायर आहे, बॅबकॉक अँड विल्कॉक्स आहे. मुले सुबक आकृत्या काढतात, भाग दाखवतात, मार्क मिळवतात. लँकेशायर बॉयलर आज साखर कारखान्यात शोधूनही सापडणार नाही. आकृती काढणे वाईट नाही, मी स्वतः वर्षानुवर्षे त्या काढून घेतल्या आहेत. पण ड्रमची पाण्याची पातळी काचेत दिसेनाशी झाली तर पहिल्या मिनिटात काय करायचे आणि काय अजिबात करायचे नाही, हा प्रश्न आमच्या लेखी परीक्षेत येत नाही. दाखल्याच्या तोंडी परीक्षेत मात्र नेमके असेच प्रश्न विचारतात. तिथे बसण्यासाठी बॉयलरवर प्रत्यक्ष काम केल्याचा अनुभव दाखवावा लागतो आणि कॉलेजच्या तीन वर्षांत तो मिळण्याची सोय नाही. म्हणजे पदविका घेऊन मुलगा रांगेच्या शेवटी उभा राहतो. त्याच्या पुढे दहावी झालेला, पण सहा हंगाम फायरमनच्या हाताखाली काढलेला मुलगा असतो. तो पुढे असणे न्याय्यच आहे. मला विचारायचे आहे ते एवढेच, की त्या तीन वर्षांत आम्ही काय केले?

वेल्डरचे उदाहरण याहून बोलके आहे. आयटीआयचा वेल्डर ट्रेड एक वर्षाचा. परीक्षा पास झाली की राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते, देशभर मान्य. पण तो कागद घेऊन बॉयलरच्या ट्यूबला हात लावता येत नाही. त्यासाठी आयबीआर वेल्डर व्हावे लागते, म्हणजे १९५०च्या बॉयलर विनियमांखालची चाचणी द्यावी लागते. या कामात सर्वांत मानाची चाचणी सिक्स-जी. पाइप ४५ अंशांत तिरका बांधतात. पाइप हलवायचा नाही, वेल्डरने त्याच्याभोवती फिरायचे. खालून डोक्यावरची वेल्डिंग, बाजूने उभी, वरून सपाट, आणि प्रत्येक ठिकाणी हाताचा कोन बदलता ठेवायचा. मुळाचा पहिला थर टिगने, आर्गॉनच्या आवरणात. वरचे थर ७०१८ रॉडने, तोही ओव्हनमध्ये सुकवलेला, कारण रॉडमध्ये ओल राहिली तर सांध्यात हायड्रोजन शिरतो आणि नंतर तडा जातो. मग एक्स-रे काढतात, तुकडे कापून वाकवून पाहतात. आत छिद्र दिसले, धातू नीट एकजीव झाला नसला, की नापास. इथे ओळख चालत नाही आणि पाठांतरही चालत नाही. मला ही परीक्षा फार आवडते. ती मुलाची जात विचारत नाही, इंग्रजी विचारत नाही, बापाची जमीन विचारत नाही. सांधा धरतो की नाही, एवढेच विचारते.

आणि ती आपल्या आयटीआयत का होत नाही? कारण पाइप महाग आहे. आर्गॉन महाग आहे. हात बसेपर्यंत एक मुलगा जेवढा पाइप कापून, जोडून, फेकून देईल तेवढा पाइप कोणत्याही संस्थेच्या कच्च्या मालाच्या तरतुदीत बसत नाही. म्हणून मुले पातळ पत्र्यावर, सपाट स्थितीत सराव करतात आणि पास होतात. पुढे सिक्स-जी शिकायची तर खासगी वर्गाला फी भरायची, नाहीतर एखाद्या ठेकेदाराबरोबर गावोगाव हिंडत वर्षे काढायची. शासनाने वर्षभर शिकवले आणि शेवटची पायरी मुलाच्या खिशावर सोपवली. हा तुटका धागा जोडायला नवे विद्यापीठ लागत नाही. पाइप लागतात.

ते पाइप आपल्याकडे आहेत. दर वर्षी ऑफ-सीझनला कारखान्यातून जुन्या ट्यूब निघतात आणि भंगारात जातात. सरावाला त्या पुरेशा आहेत.

इथे मी आजच्या मुख्य मुद्द्यावर येतो. अभ्यासक्रम जुळवायचा म्हणजे विषयांची यादी बदलायची, अशी आपली समजूत आहे. समित्या बसतात, उद्योगातले एक-दोन पाहुणे बोलावतात, 'इंडस्ट्री ४.०' नावाचा एक धडा वाढतो. माझ्या मते आपल्या भागात सर्वांत आधी जुळवायला हवे ते वेळापत्रक. साखर कारखाना ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्चच्या आसपास, उसाच्या मानाने, बंद होतो. चालू हंगामात विद्यार्थ्याला कारखान्यात न्यायचे म्हणजे लांबून यंत्र दाखवायचे. गाळप थांबवून कोणी शिकवणार नाही आणि थांबवूही नये. खरी शाळा उघडते ती गाळप संपल्यावर. मिलच्या कॅप निघतात, रोलर उचलले जातात, त्यांचे दात घासून नवे केले जातात. बेअरिंगच्या ब्रासवर निळा रंग लावून स्क्रॅपरने एकेक उंचवटा खरवडतात. टर्बाइन उघडतो, डायल गेज लावून अलाइनमेंट घेतात. इव्हॅपोरेटरच्या ट्यूब खरवडतात, बॉयलरच्या गळक्या ट्यूब कापून नव्या बसवतात, ट्यूब एक्स्पांडरने फुगवतात आणि शेवटी बॉयलरची हायड्रॉलिक टेस्ट होते, निरीक्षकासमोर. पदविकेच्या मेकॅनिकल अभ्यासक्रमातला क्वचितच एखादा विषय असेल जो एप्रिल ते सप्टेंबर या काळात कारखान्याच्या आवारात उघडा पडलेला नसतो.

आणि नेमके एप्रिल-मेमध्ये आमच्या परीक्षा असतात, मग सुट्टी. मुले घरी, मिल उघडी. जूनअखेर कॉलेज सुरू होते तेव्हा आम्ही फळ्यावर रोलरची आकृती काढतो.

हे बदलायला आता नियमांची फारशी अडचण राहिलेली नाही. महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या २०२३-२४पासूनच्या नव्या 'के' योजनेत बारा आठवड्यांची इंटर्नशिप आहे. २०२३च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षाचे १२०० तास आणि ४० क्रेडिट धरले आहेत, म्हणजे ३० तासांना एक क्रेडिट, आणि वर्कशॉपमधले तासही त्यात मोजता येतात. हिशोब करून पाहा. बारा आठवडे, आठवड्याला ४८ तास, एकूण ५७६ तास, म्हणजे १९ क्रेडिट, जवळजवळ अर्धे वर्ष. एवढे तास मिल हाऊसमध्ये आणि बॉयलर हाऊसमध्ये खरोखर काम करण्यात गेले, त्यांची नोंद कारखान्याने सहीशिक्क्यानिशी ठेवली आणि ती दाखल्याच्या परीक्षेसाठी अनुभव म्हणून धरली गेली, तर मुलगा पदविकेबरोबरच दुसऱ्या कागदाच्या उंबरठ्याशी पोचतो. आज बहुतेक ठिकाणी इंटर्नशिप म्हणजे ओळखीतून आणलेले पत्र असते. याला मी शिक्षण म्हणणार नाही.

शिकवायचे आणि त्याच दमात परीक्षा करून घ्यायची, याची आपल्याकडे उदाहरणे आहेत. मला सर्वांत जवळचे वाटते ते शिरूर तालुक्यातल्या पाबळचे. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातून डॉक्टरेट घेतलेले शास्त्रज्ञ, हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात होते. ती नोकरी सोडून त्यांनी १९८३ साली पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. गाव निवडले तेही दुष्काळी, सर्वसाधारण. शाळेतून गळालेली मुले तिथे येत. वेल्डिंग, सुतारकाम, वीजजोडणी, शेती, अन्नप्रक्रिया, सगळे करता करता शिकायचे, आणि काम म्हणजे गावाला लागणाऱ्या खऱ्या वस्तू. कोणाचे गेट, कोणाची शेड, कोणाच्या विहिरीवरचा पंप. तिथला ग्रामीण तंत्रज्ञानाचा मूलभूत पदविका अभ्यासक्रम पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयीन संस्थेच्या मान्यतेखाली आला. हाताने शिकलेल्याला राष्ट्रीय पातळीवर चालणारा कागद मिळाला. २००२मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीने आपल्या बाहेरची पहिली फॅब लॅब उभी केली ती पाबळला, याचे आपण कौतुक करतो. कलबागांचे मोठेपण मला मात्र त्याहून साध्या गोष्टीत दिसते. त्यांनी शिकण्याचे तास आणि कामाचे तास वेगळे मोजले नाहीत. त्यांच्या मुलाने वेल्ड केलेले गेट गावकऱ्याने विकत घेतले, तर तीच त्याची प्रात्यक्षिक परीक्षा.

जुनी उदाहरणेही आहेत. मुंबईच्या गिरण्यांना जाणते लोक हवे होते, म्हणून १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाले. तिथे शिकवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी नोकरी सोडली आणि १९१०मध्ये कुंडलच्या माळावर कारखाना काढला. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी शेजारच्या इंदापूर तालुक्यात उभारलेल्या वालचंदनगरात आज साखरेची यंत्रसामग्री होते आणि इस्रोच्या अग्निबाणांचे मोटर केसिंगही होते. एकाच आवारात ही दोन कामे होतात, यावर थांबून विचार करावा. वेल्डरला एका कामावरून दुसऱ्या कामावर जाता येते ते त्याच्या हाताची तपासणी झालेली असते म्हणून.

बाहेरच्या देशांतल्या दोन गोष्टी सांगतो. अमेरिकेत कम्युनिटी कॉलेज नावाची दोन वर्षांची लोकमहाविद्यालये आहेत, पहिले १९०१ साली जोलिएटला निघाले. अमेरिकेतल्या धातुकाम उद्योगाने १९९५मध्ये कौशल्याची मानके ठरवणारी संस्था काढली. तिची परीक्षा म्हणजे ड्रॉइंगप्रमाणे लेथवर किंवा मिलिंग मशीनवर भाग करून द्यायचा, तो मोजून पाहतात. अनेक कॉलेजांनी ही परीक्षा आपल्या पदवीच्या आतच बसवली. उलट्या दिशेनेही दार ठेवले, म्हणजे आधी कारखान्यात काम करून ती परीक्षा दिलेल्या कामगाराला कॉलेजात त्याचे क्रेडिट मिळते. आपल्याकडे युजीसीने २०१३च्या सुमारास कम्युनिटी कॉलेजची योजना आणली, पाठोपाठ बी.व्होक. आले. नाव आले, पण परीक्षेचे हे दुहेरी दार बहुतेक ठिकाणी आले नाही.

दुसरी गोष्ट जर्मनीची. तिथे शिकाऊ उमेदवाराची अंतिम परीक्षा उद्योग-व्यापार मंडळ घेते आणि परीक्षक मंडळात कायद्यानेच मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी सारख्या संख्येने असतात, शिवाय शिक्षक असतो. कामगारांचा प्रतिनिधी परीक्षक! आपल्याकडे तीस वर्षे मिलवर काढलेला हेडफिटर बाह्य परीक्षक म्हणून कॉलेजात आलेला तुम्ही कधी पाहिला आहे का? मी पाहिलेला नाही. त्याला पदवी नाही, म्हणून त्याला आमच्या मानधनाच्या फॉर्मवर रकाना नाही. आणि ब्रासला निळा कुठे लागला आणि कुठे लागला नाही, हे बघून बेअरिंग गरम होणार की नाही ते सांगणारा माणूस तोच आहे.

आता काही शंका. पहिली अशी की, कारखान्याच्या गरजेप्रमाणे शिक्षण बेतले तर मुलगा त्या एका कारखान्याचा बांधील होईल. ही शंका खरी आहे. म्हणूनच कारखान्याने स्वतःच्या लेटरहेडवर दिलेले 'प्रमाणपत्र' मला नको. आयबीआरचे हवे, बॉयलर अटेंडंटचे हवे, वायरमनचा परवाना हवा, राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र हवे. हे कागद करकंबला चालतात तसे कोल्हापुरात चालतात, गुजरातेत चालतात. आखातातला ठेकेदारही सिक्स-जी म्हटले की वेल्डरला टेस्टला उभा करतो. मुलाच्या हातात असा कागद असला तर मालकाला त्याला नीट पगार द्यावा लागतो, कारण तो जाऊ शकतो.

दुसरी शंका माझ्याच प्राध्यापक मित्रांची. परवान्यामागे धावताना गणित आणि थर्मोडायनॅमिक्स सुटेल. सुटता कामा नये. ११० किलोचा बॉयलर संगणकाच्या पडद्यावरून चालतो, आणि पडद्यावरचा आकडा खोटा बोलतोय हे ज्याला वाफेचे शास्त्र कळते त्यालाच कळते. पण माझा अनुभव असा, की उघडा टर्बाइन पाहिलेला मुलगा एन्थाल्पीचा प्रश्न स्वतःहून विचारतो.

तिसरी गोष्ट शंका नाही, ती दुखणे आहे. साखर कामगारांत मोठा वर्ग 'हंगामी कायम' आहे. हंगामात पूर्ण पगार, ऑफ-सीझनला रिटेन्शन, म्हणजे पगाराचा काही भाग. त्रिपक्षीय करारात अकुशल, अर्धकुशल, कुशल अशा श्रेण्या आहेत आणि श्रेणी ठरते ती हुद्द्यावरून. पंचवीस हंगाम पॅनवर उभा राहून साखरेचा दाणा बोटांत घेऊन ओळखणारा पॅनमन आपल्या गावात आहे. त्याची कला कोणत्याही विद्यापीठाच्या कागदावर नाही. त्याच्यासाठी आधीच्या ज्ञानाला मान्यता देण्याची सोय २०१५पासूनच्या कौशल्य योजनांत आहे, आता क्रेडिट आराखड्यातही आहे. पण ती राबवताना दोन दिवसांचे वर्ग, टी-शर्ट आणि फोटो असे होऊ नये. त्याची नीट परीक्षा घ्या, आणि पास झाला तर श्रेणी बदला. श्रेणी बदलत नसेल तर त्याने ती परीक्षा द्यावी तरी कशाला? मुलांबद्दल बोलताना बापाला विसरून ही योजना उभी राहणार नाही, कारण कारखान्यात मुलाला शिकवणार आहे तो बापच.

पैशाचे थोडक्यात. १९६१च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली तीस किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. २०१६च्या राष्ट्रीय योजनेतून विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिना १५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार देते. म्हणजे कारखान्यांवर मी नवे ओझे टाकत नाही. जे घ्यायचेच आहेत ते उमेदवार कॉलेजशी ठरवून, ऑफ-सीझनला, नीट शिकवण्यासाठी घ्या, एवढेच म्हणतो.

काय करता येईल ते सांगून थांबतो. पहिली तुकडी वीस जणांचीच असू द्या, दहा पदविकेचे आणि दहा आयटीआयचे, आणि त्यांत मुली असाव्यात. डायल गेजला पुरुषाचा हात लागतो असे कुठे लिहिलेले नाही. कॉलेजने चौथ्या सत्राची परीक्षा मार्चअखेर संपवावी, मंडळाकडून तेवढी सवलत मागावी. ती मागितल्याशिवाय मिळणार नाही. कारखान्याने एक जुनी शेड द्यावी, भंगारातल्या ट्यूब द्याव्यात आणि निवृत्त हेडफिटरला मानधनावर बोलवावे. बाष्पके संचालनालयाच्या निरीक्षकाला हायड्रॉलिक टेस्टच्या दिवशी मुलांशी तासभर बोलण्याची विनंती करावी, तो येणारच असतो. प्रत्येक मुलाची एक नोंदवही असावी. किती सांधे केले, किती एक्स-रेत टिकले, कोणते बेअरिंग बसवले, कोणाच्या देखरेखीखाली. सेफ्टी शूज आणि विमा पहिल्या दिवशी. सप्टेंबरात आयबीआरची चाचणी त्याच शेडमध्ये व्हावी आणि त्या चाचणीचे गुण पदविकेच्या गुणपत्रिकेत यावेत.

सभागृहात कारखान्याचे अधिकारी आहेत, कॉलेजचे प्राध्यापकही आहेत. आता प्रश्नोत्तरांना वेळ आहे. पहिला प्रश्न मीच कारखान्याच्या मंडळींना विचारतो: येत्या ऑफ-सीझनला पहिल्या मिलची कॅप कोणत्या तारखेला काढणार आहात? ती तारीख कळली की प्राध्यापकांना परीक्षेची तारीख अलीकडे आणता येईल.